फिनलंडच्या बंदुका, क्रेगीबर्नची वर्गणी

परत आल्यापासून भूममध्ये जो भेटेल तो विचारतो, "मॅडम, कांगारू पाहिला का?" पाहिला. तो झोपला होता. आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो तेव्हा त्याने एक डोळा उघडला, पोट खाजवलं आणि पुन्हा झोपला. कांगारूबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे. फिनलंडच्या सैन्याने कुठल्या रायफलीला कुठली नळी बसवली हे मात्र कुणीच विचारत नाही, आणि त्यावर मी तासभर बोलू शकते. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले होते ऑस्ट्रेलियाला, पण मनाने बराच काळ फिनलंडमध्ये काढून आले. ते कसं झालं, हे एकदा नीट लिहून ठेवते.

मी भूमच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील अडत बाजारात हमाली करायचे. त्यांना सही येते, वाचता येत नाही. मला शिकवणाऱ्या बाई, वसतिगृह, शिष्यवृत्ती या सगळ्यांचे आभार मानायला बसले तर प्रवास बाजूलाच राहील, म्हणून इथे फक्त मनातल्या मनात मानते. माझ्यामागून धाकटा भाऊ महेश इंजिनिअर झाला आणि मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्न नावाच्या उपनगरात जाऊन राहिला. "ताई, या वर्षी भाऊबीजेला तूच ये," म्हणून त्याने तिकीट पाठवलं. तिकिटापाठोपाठ एक कामही पाठवलं.

"येताना नाना प्रिंटरकडून पावतीपुस्तकं छापून आण. इथे मिळत नाहीत."

"कसली पावतीपुस्तकं?"

"वर्गणीची. गणपती मंडळाची असतात तशी. मंडळाचं नाव मेसेज करतो."

नाव आलं: 'फिनलंड लष्करी बंदुका इतिहास ग्रंथ प्रकाशन समिती, क्रेगीबर्न'. नाना प्रिंटरने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. "मॅडम, हे सगळं कायद्यात बसतं ना?" मला काहीच माहीत नव्हतं, पण भाऊ इंजिनिअर आहे म्हणून मी हो म्हटलं. नानाने सवयीने डाव्या कोपऱ्यात गणपती टाकला. उजवा कोपरा मोकळा दिसायला लागला म्हणून तिथे एक बंदूक टाकली. खाली इंग्रजीत, 'फिनलंड गन फंड'. 'बुक' हा शब्द ओळीत बसत नव्हता, म्हणून त्याने वगळला.

मेलबर्नच्या विमानतळावर

विमानात भरून घेतलेल्या तपासणीच्या कार्डावर खाण्याच्या पदार्थांपुढे मी 'हो' अशी खूण केली होती, कारण होतेच. करड्या वेणीची एक अधिकारी बाई माझी बॅग उघडून एकेक पुडी बाहेर काढू लागली. मेतकूट तिने उघडून हुंगलं आणि शिंकली. "हे कशासाठी?"

"भातावर. ताप आला तरी चालतं."

तिने मान डोलावली आणि हात आणखी आत घातला. चिवडा, अनारसे, आणि मग दोऱ्याने बांधलेली पावतीपुस्तकं. तिने वरचं पान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. नंतर शेजारच्या तरुण अधिकाऱ्याला बोलावलं.

"मॅम, तुम्ही बंदुकांसाठी पैसे गोळा करताय?"

"नाही नाही. बंदुकांच्या पुस्तकासाठी."

"आणि हा हत्ती?"

"तो सुरुवात चांगली व्हावी म्हणून."

दोघांनी बाजूला जाऊन बराच विचार केला. भूमला असं कुणी बाजूला जाऊन बोलू लागलं की समजायचं, आता साहेबांना भेटावं लागणार. पण ती बाई परत आली, पुस्तकं नीट बांधून बॅगेत ठेवली आणि म्हणाली, "नो वरीज. पण ही बंदूक फिनलंडची वाटत नाही." आयुष्यात पहिल्यांदा परदेशात पाऊल ठेवलं होतं आणि पहिल्याच माणसाने माझी चूक काढली. बरोबर काढली, हे नंतर कळलं.

क्रेगीबर्न

क्रेगीबर्नमध्ये घरं सगळी नवी, सारखी आणि गप्प आहेत. रस्ता संपतो तिथे पिवळं गवत सुरू होतं, आणि त्या गवतावरून जो वारा येतो त्याने दारातली चप्पल शेजाऱ्याच्या अंगणात जाते. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. दुकानात गेलं तर एका रांगेत पंजाबी, तेलुगू, मराठी सगळं ऐकू येतं, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाखरं आहेत, पण त्यांच्याबद्दल पुढे.

महेशची बायको केतकी पुण्याची. ती मला 'ताई, तुम्ही' म्हणते आणि महेशला 'अरे, तू जरा गप्प बस' म्हणते. त्यांची मुलगी इरा मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आत्या, आर्वो इज कमिंग धिस आर्वो." तिथे दुपारला आर्वो म्हणतात आणि शेजारच्या आजोबांचं नावही आर्वो, हे मला केतकीने चहा गाळता गाळता समजावलं.

आर्वो बरोबर दुपारी आले. उंच, वाकलेले, हातात फडक्यात गुंडाळलेला वेणीसारखा गोड पाव. तो तोडला तर वेलचीचा वास! मी इतक्या लांब येऊन पहिल्या घासाला घरचाच वास घेत होते. फिनलंडमध्ये हा पाव कॉफीबरोबर खातात. आर्वो लहानपणी आईवडिलांबरोबर फिनलंडहून आले, आयुष्यभर फिटरचं काम केलं, आणि उरलेला सगळा वेळ आपल्या जन्मदेशाच्या सैन्याच्या बंदुकांचा इतिहास लिहिण्यात घालवला. त्यांच्या वडिलांनी युद्धात त्यातलीच एक रायफल वागवली होती आणि त्याबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. "ते बोलले नाहीत, म्हणून मी मोजायला लागलो," आर्वो म्हणाले.

"तुमच्याकडे किती बंदुका आहेत?" मी आदराने विचारलं.

"एकही नाही. आवाजाने माझं डोकं दुखतं."

दुसऱ्यांच्या संग्रहांत जाऊन ते रायफली मोजत, चित्रं काढत आणि घरी येत. त्यांच्या गॅरेजमध्ये त्या चित्रांनी आणि नोंदींनी भरलेली खोकी मी पाहिली. त्यांनी मला समजावलं की फिनलंडने रायफलीचा मधला लोखंडी सांगाडा जवळजवळ कधी बनवलाच नाही. जुन्या रशियन रायफली घेतल्या, सांगाडा ठेवला, नळी नवी घातली, लाकूड नवं घातलं. लाकडी दस्त्यातही एक सांधा, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा, म्हणजे थंडीत लाकूड वाकायला नको. मला हे फार आपलं वाटलं. आमच्या भूमला एका जीपच्या सांगाड्यावर आजवर टेम्पो, उसाचं गुऱ्हाळ आणि लग्नाचा रथ झालेला आहे. मी तसं सांगितलं तर आर्वो म्हणाले, "प्रोफेसर, तुम्हाला कळलं. बाकीच्यांना कळत नाही." कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षिकेला प्रोफेसर म्हणत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

खोकी गॅरेजच्या दारात, कचऱ्याच्या पिवळ्या झाकणाच्या पेटीला चिकटून ठेवलेली होती. पिवळं झाकण म्हणजे रद्दी. मी महेशकडे पाहिलं.

महेश मराठीत म्हणाला, "ताई, ही दुसरी वेळ आहे. पुस्तक छापायला खर्च खूप, प्रकाशक कुणी घेत नाही. म्हणून साइटवर लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचे. ठरलेल्या रविवारपर्यंत सगळी रक्कम जमली तर छापायचं, नाही तर सगळ्यांचे पैसे परत. गेल्या वर्षी जमली नाही. या वेळीही नाही जमली तर सोमवारी सकाळी गाडी येते रद्दीची. आर्वो म्हणतात, आपल्यामागे मुलीला हे निस्तरायला नको."

साइटवर एक हिरवी पट्टी होती. जमलेल्या रकमेएवढी ती भरायची. तेव्हा ती निम्मीसुद्धा भरलेली नव्हती.

"म्हणून वर्गणी," महेश म्हणाला. "क्राउडफंडिंग म्हणजे दुसरं काय गं? आपण लहानपणापासून तेच करत आलोय."

दारोदार

इथे महेशने शोधलेली पद्धत सांगायला हवी. घरी जायचं, पुस्तकाची माहिती द्यायची, माणसाने त्याच्या फोनवरून साइटवर पैसे भरायचे आणि आम्ही पावती फाडायची. पावतीचा तसा काही उपयोग नव्हता. पण हातात कागद पडल्याशिवाय आपल्या माणसाला काही दिल्यासारखं वाटत नाही.

मराठी घरांत प्रत्येक ठिकाणी चहा झाला, दोन ठिकाणी पोहे, एका ठिकाणी आग्रहाने थालीपीठ.

"बंदुकांचं पुस्तक? नको बाई," एक वहिनी म्हणाल्या. "आमचा अथर्व आधीच दिवसभर गेममध्ये गोळ्या झाडतो."

"वाचायचं नाही हो," महेश म्हणाला. "फक्त वर्गणी द्यायची."

"मग ठीक आहे. शेजारच्या कुलकर्ण्यांनी किती दिले?"

"एकशे एक."

"आमचेही तेवढेच लिहा. आणि पावती ह्यांच्या नावाने नको, माझ्या नावाने."

पुस्तकाची किंमत शंभर डॉलर होती, तरी एकाही मराठी माणसाने शंभर दिले नाहीत. एकशे एक, नाही तर पुस्तक न घेता यादीत नुसतं नाव छापून येण्यापुरते एक्कावन्न. आर्वोंना वाटलं साइट बिघडली आहे. मी त्यांना सांगितलं की पूर्ण आकड्यावर थांबलं की हिशोब मिटतो, वर एक ठेवला की संबंध चालू राहतो. ते म्हणाले, "फिनलंडमध्ये आम्ही हिशोब मिटवतो. म्हणूनच कदाचित कुणी घरी येत नाही."

ऑस्ट्रेलियन घरांवर 'दार वाजवू नये' अशा पाट्या होत्या. मी शाळेत शिकल्याप्रमाणे पाटी मानत होते, महेश नव्हता. एका दारासमोर झाडावरून काळापांढरा मॅगपाय पक्षी सरळ माझ्या डोक्यावर आला. वसंतात ते असेच येतात म्हणे, पिल्लं असतात. मी पावतीपुस्तक डोक्यावर धरून ओरडत त्या घराचं दार वाजवलं. आतल्या गृहस्थाने मला आत घेतलं, पाणी दिलं, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, म्हणजे माझी आणि खिडकीबाहेरच्या पक्ष्याची, आणि एक पुस्तक घेतलं. "मेट, इतक्या जोखमीने कुणी काही विकायला आलेलं मी पाहिलं नाही."

समुद्रकाठचा रस्ता पाहायला गेलो तेव्हाही महेशने पुस्तकं गाडीत घेतली होतीच. त्या रस्त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी एवढंच सांगते की समुद्र आणि डोंगर एवढे जवळ मी कधी पाहिले नव्हते आणि काही वेळ बोलले नाही. महेश घाबरला, त्याला वाटलं गाडी लागली. मग एका गावात माजी सैनिकांच्या क्लबात जेवायला थांबलो. मला शाकाहारी म्हणून बटाट्याच्या चिप्स मिळाल्या, सोबत बटाट्याचं सॅलड. तिथल्या एका म्हाताऱ्या सैनिकाला पुस्तकात रस नव्हता, पावतीवरचा गणपती मात्र फार आवडला. "मला फक्त हत्ती मिळेल का?" त्यांनी एक्कावन्न दिले आणि पावती चौकटीत लावायला घेऊन गेले.

या सगळ्याने पट्टी पुढे सरकली, पण अजून बरीच रिकामी होती. शेवटचा आठवडा उरला होता.

फ्लेक्स

आता घडलं ते आमच्याशिवाय कुणाच्या हातून घडलं नसतं.

"ताई, प्रसिद्धी कमी पडतेय," महेश म्हणाला. "फ्लेक्स लावू."

आर्वो दोन दिवस मासे धरायला किनाऱ्यावर गेले होते, परत येतील तेव्हा त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा असं ठरलं. महेशने फ्लेक्स स्वतः बनवला. मध्ये लंबगोल चौकटीत आर्वोंचा फोटो. रंगीत फोटोत ते सगळीकडे डोळे मिटलेले होते, म्हणून जुना, काळापांढरा घेतला. भोवती झेंडूची महिरप. वर इंग्रजीत, 'आमचे लाडके आर्वो'. खाली, 'फिनलंडच्या रायफलींसाठी वाहिलेलं आयुष्य'. त्याखाली वर्गणीदारांचे छोटे छोटे चेहरे, गंभीर, कारण बहुतेक पासपोर्टचे होते. एका कोपऱ्यात साइटचा पत्ता. मला फ्लेक्स छान वाटला. भूमच्या चौकातल्या मानाने लहान होता, पण सुबक होता. आम्ही तो आर्वोंच्या कुंपणावर ताणून बांधला आणि महेशने त्याचा फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला.

सकाळी फ्लेक्सखाली फुलांचे दोन गुच्छ होते. कागदात गुंडाळलेले, पांढरी लिली. मी ते आत आणून पाण्यात ठेवले. थोड्या वेळाने समोरच्या बाई काचेच्या भांड्यात भाजलेली मॅकरोनी घेऊन आल्या, माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "फार चांगले होते."

"हो, फार चांगले आहेत," मी म्हटलं. त्या रडू लागल्या. मला वाटलं, किती हळवी माणसं! वर्गणीही देतात आणि डबाही.

तेवढ्यात केतकी फोन घेऊन धावत आली. तिचा चेहरा विचित्र झाला होता. "ताई, पट्टी भरली! पूर्ण! पण हे कमेंट्स वाचा ना जरा."

मी वाचले. 'शांती लाभो, आर्वो.' 'त्यांचं अपूर्ण स्वप्न पूर्ण होवो.' 'त्यांच्याकडून स्पॅनर नेला होता, परत करायचा राहिला.'

"अहो ताई, त्यांना वाटतंय आजोबा गेले!"

आम्ही दोघी कुंपणाकडे धावलो. तिथे चौकड्यांचा स्कार्फ बांधलेली एक म्हातारी बाई फ्लेक्ससमोर उभी राहून हुंदके देत होती, आणि तिच्या मागून, खांद्यावर गळ टाकून, हातात माशांची बादली घेऊन आर्वो चालत येत होते. त्यांनी आधी फ्लेक्स वाचला. मग त्या बाईकडे पाहिलं.

"हेल्वी? तू इथे काय करतेस?"

हेल्वीबाई वळल्या. त्यांनी आर्वोंना पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि हातातला पावाचा पुडा त्यांच्या छातीवर फेकून मारला. नंतर फिनिश भाषेत जे काही बोलल्या त्याचा अर्थ इरानेसुद्धा विचारला नाही.

हळूहळू उलगडा झाला. हेल्वीबाई तिथल्या फिनिश मंडळींच्या सभागृहातल्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. त्यांचं आणि आर्वोंचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, आणि कारण हे पुस्तकच. फिनलंडमध्ये एके काळी बायकांनी गावोगाव कॉफी आणि हाच वेलचीचा पाव विकून पैसे जमवले आणि त्यातून रायफली घेतल्या. ती रायफल आजही त्या बायकांच्या नावाने ओळखतात. आर्वोंनी एवढ्या मोठ्या ग्रंथात त्या बायकांना दिलं होतं अर्धं पान.

"माझी आई त्या कॉफीपाशी उभी राहायची," हेल्वीबाई मला म्हणाल्या. "बर्फात. अर्धं पान!"

मी उडालेच. म्हणजे बंदुकासुद्धा वर्गणीतूनच घेतल्या होत्या! "आर्वो, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"नळीचा व्यास वेगळा नाही," आर्वो पुटपुटले. "म्हणून मला ते तितकं महत्त्वाचं वाटलं नाही."

जिवंत असल्याची घोषणा

त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर दुःखाच्या चार भाज्या, दोन केक आणि आर्वोंचे मासे होते. आर्वो चष्मा लावून आपल्यावरचे शोकसंदेश चवीने वाचत होते. "हा माणूस मला कधी हॅलोसुद्धा म्हणाला नाही. बघा किती छान लिहिलंय."

महेशने हळूच विषय काढला. "ताई, रविवार अगदी जवळ आलाय. पट्टी भरलेली आहे. आपण खोटं काहीच बोललो नाही. लोकांनी स्वतःच तसा समज करून घेतला. सोमवारी सांगू, की बरे आहेत."

"सोमवारी बरे झाले?" केतकी म्हणाली. "अरे, ते आजारी नव्हते, वारले होते!"

मी म्हटलं, "महेश, मी वर्गात मुलांना सांगते की इतिहासात आधी तारखा बरोबर हव्यात. ज्यांच्या पुस्तकाला आपण पैसे मागतोय त्यांच्या मरणाचीच तारीख चुकवायची?"

महेशने आर्वोंकडे पाहिलं. एवढी वर्षं ज्यासाठी घालवली ते त्यांच्या हातात आलेलं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. आर्वोंनी फोन खाली ठेवला. "नळ्यांचे सगळे आकडे मी दोनदा तपासलेत. पहिल्याच पानावर चुकीची माहिती नको," ते म्हणाले आणि माशाचा काटा काढू लागले.

घोषणा आर्वोंनी स्वतः लिहिली. एकच ओळ. 'मी जिवंत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' सोबत इराने काढलेला फोटो, फ्लेक्सशेजारी उभे, हातात मासा.

काहींना खूप हसू आलं, त्यांनी पैसे तसेच ठेवले. काहींनी काढून घेतले. एकाने लिहिलं की आपल्याला फसवलं गेल्यासारखं वाटतंय, आणि तो स्पॅनर आता परत मिळणार नाही. पट्टी मागे सरकू लागली. पट्टी मागेही जाते हे मला तोवर माहीत नव्हतं.

हार्डवेअरच्या दुकानाबाहेर

तिथे एक रीत आहे. शनिवार-रविवारी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर शाळा, क्लब, संस्था तंबू टाकून पावात घातलेले सॉसेज विकतात आणि आपल्या कामासाठी पैसे जमवतात. लोक खिळे घ्यायला येतात आणि खाऊन जातात. फिनिश मंडळींची शनिवारची पाळी आधीच लागलेली होती, सभागृहाच्या छपराच्या दुरुस्तीसाठी. हेल्वीबाईंनी ती पुस्तकाला देऊन टाकली. "छप्पर गळतंय, पण थोडंच. आर्वो मात्र मला बायकांचं पूर्ण प्रकरण लिहून देईल."

"एक पान," आर्वो म्हणाले.

"प्रकरण. फोटोंसकट."

"दोन पानं."

"मला आताच कळलंय की तू मेल्यावर मला किती वाईट वाटतं. पुन्हा तेवढं वाटणार नाही."

"प्रकरण," आर्वो म्हणाले.

एका बाजूला हेल्वीबाईंची कॉफी आणि वेलचीचा पाव, दुसऱ्या बाजूला केतकी आणि मी बटाटेवडे तळत होतो. वारा असा की पीठ कढईत सोडलं की अर्धं शेजारच्या कुंड्यांवर. महेशने जोशात मागे तोच फ्लेक्स लावला आणि लंबगोलासमोर खऱ्या आर्वोंना खुर्चीवर बसवलं. लोक थांबत, फ्लेक्स बघत, आर्वोंना बघत, पुन्हा फ्लेक्स बघत.

"हेच का ते?"

"हेच," हेल्वीबाई सांगत. "दुर्दैवाने."

वडा तिखट होता. एक लाल मानेचा सुतार दोन घासांत संपवून पाण्यासाठी धावला, परत आला आणि आणखी तीन घेऊन गेला. अथर्वच्या आई आल्या, थालीपीठवाल्या आल्या, समोरच्या मॅकरोनीवाल्या बाईही आल्या, जरा रागावलेल्या. आर्वोंनी उभं राहून त्यांचं भांडं धुऊन परत दिलं आणि मॅकरोनी उत्तम होती असं सांगितलं. त्या हसल्या. भांडं रिकामं परत दिलेलं मला आवडलं नाही, म्हणून मी त्यात चार वडे घातले.

रविवारी दुपारी आम्ही सगळे आर्वोंच्या गॅरेजमध्ये फोनभोवती बसलो होतो. शनिवारची कमाई भरून झाली होती. पट्टी अगदी टोकाला येऊन थांबली होती. शंभर डॉलरच्या आतलीच रक्कम उरली होती, म्हणजे एका पुस्तकाएवढीही नाही, आणि वेळ संपत आला होता. साइट एका नावावर तीनच पुस्तकं देत होती, आणि महेश, केतकी, हेल्वीबाई तिघांचीही तीन-तीन घेऊन झाली होती. आर्वोंना स्वतःच्या पुस्तकाला पैसे भरायची साइटची परवानगी नव्हती. ते उठले, एक खोकं उचललं आणि पिवळं झाकण उघडलं.

"पुरे झालं. चांगला आठवडा होता," ते म्हणाले. "कॉफी कुणाला हवी?"

हेल्वीबाई पावतीपुस्तकांचे उरलेले अर्धे भाग चाळत होत्या. त्यांना मराठी अक्षरं येत नव्हती, तरी बोट फिरवत होत्या. "यात प्रोफेसरचं नाव कुठलं?"

महेश माझ्याकडे बघायला लागला. केतकीही. सगळ्या क्रेगीबर्नकडून मी वर्गणी घेतली होती, पक्ष्याने चोच मारलेल्या हाताने पावत्या फाडल्या होत्या, आणि स्वतःची फाडायची राहूनच गेली होती! आमच्या भूमच्या मंडळात ज्याच्या हातात पुस्तक देतात त्याची पहिली पावती आधी फाडून घेतात, मगच त्याला दारात पाठवतात.

"अगं ताई!" महेश ओरडला.

भाऊबीजेची ओवाळणी पाकिटात तशीच होती. मी ती महेशच्याच हातात दिली आणि त्याने फोनवर रक्कम भरली. एकशे एक. "नाव काय लिहू?" त्याने विचारलं. मी पेन हातात घेऊन पावती लिहीत होते. त्याने पावतीवरचं नाव वाचलं आणि तेच साइटवर लिहिलं.

पट्टी भरली. इरा किंचाळली. आर्वो खोकं हातात धरून तसेच उभे होते, कारण खाली कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी हेल्वीबाईंनी पिवळं झाकण लावलं आणि ते खोकं त्यांच्या हातातून घेऊन त्यावर ठेवलं. मग त्यांनी आर्वोंच्या पाठीवर एक जोरात थाप मारली. फिनलंडमध्ये मिठी मारायची पद्धत फारशी नसावी.

भूम

पुस्तक परवा टपालाने आलं. जाड, निळ्या कापडी बांधणीचं. बायकांचं प्रकरण आहे, फोटोंसकट. शेवटच्या पानांवर वर्गणीदारांची नावं आहेत, आणि त्यात इंग्रजीत स्पष्ट छापलं आहे: श्री. भगवान रामा शिंदे, भूम.

वडिलांनी पुस्तक आधी दोन्ही हातांत तोललं. मग मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. "हे मी?"

"हे तुम्ही."

"आणि हे सगळं काय लिहिलंय?"

"फिनलंडच्या फौजेच्या बंदुकांबद्दल."

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. मग म्हणाले, "चांगलं केलंस." पुस्तक मी कॉलेजच्या ग्रंथालयाला देणार होते. त्यांनी दिलं नाही. पिशवीत घालून ते बाहेर घेऊन गेले.

आमच्या गल्लीत एक जण वर्षानुवर्षं आपली ट्रॅक्टरची ट्रॉली आमच्या दारात लावतो. सांगून झालं, भांडून झालं, नगरपरिषदेत अर्ज देऊन झाला. आज सकाळी दार उघडलं तर ट्रॉली नाही. मी वडिलांना विचारलं, तुम्ही त्याला काय म्हणालात?

"काही नाही," ते चहा ओतत म्हणाले. "पुस्तकात माझं नाव आलंय, एवढंच दाखवलं. नावाचं पान पटकन सापडेना, म्हणून आधी चित्रं दाखवली."